परतीचा दोर

दोन रविवारांपूर्वी मी सिंहगडावर खोटं बोललो. फार मोठं नाही, एका अक्षराचं. "हो" एवढंच. अमेरिकेत लेकीकडे जाऊन आल्यामुळे दोन महिन्यांनी गडावर गेलो होतो. आमचा पाच जणांचा कंपू गेली बावीस वर्षं दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने वर जातो. त्यातले दोघे हल्ली गाडीने येतात आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. वर नेहमीची जागा, नेहमीच्या मावशी, मडक्यातलं दही. पाऊस लांबला होता. वारं गरम, आणि खाली खडकवासल्याचं पाणी आटून काठाला तांबडी किनार पडलेली. अण्णांनी दह्यावर मीठ भुरभुरवलं, चमचा मडक्यात उभा केला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "मग? माथा गाठलास का तिकडचा?" मी म्हणालो, "हो." लगेच "वा!" झालं, कोणीतरी पाठीवर थाप मारली, माझ्या नावाने कांदाभजीची जादा प्लेट आली आणि गप्पा पाणीकपातीकडे वळल्या. भजी चांगली होती. मी खाल्ली.

उतरताना मात्र ती घशाशी आली. तेलामुळे असेल. पण कोणी जबरदस्ती केली नव्हती, खोटं बोलून काही मिळणार नव्हतं, आणि खरं सांगितलं असतं तरी या चौघांपैकी कोणीही कोलोरॅडोत जाऊन खातरजमा करणार नव्हतं. खरं असं होतं की माथा साडेतीनशे फूट वर राहिला होता. पर्वती चढायला लागतो त्याहून थोडा जास्त चढ. एकशेतीन पायऱ्या आणि वर थोडं. एवढ्याशा अंतरासाठी एकसष्टाव्या वर्षी माणसाची जीभ का घसरावी?

घसरणे हा शब्द आपल्याकडे तसा बदनामच आहे. पाय घसरतो, जीभ घसरते, भाव घसरतात, चारित्र्यही घसरतं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना तर घसारा म्हटलं की गुडघे आठवतात. घसरणं ही आनंदाने, पैसे खर्चून, पहाटे तीनला उठून करायची गोष्ट आहे असं मराठीत सांगायला गेलं की वाक्यच बसत नाही. लेकीने डेन्व्हरहून पहिल्यांदा सांगितलं की ती शनिवार-रविवार डोंगरावर स्की करायला जाते, तेव्हा तिची आई म्हणाली होती, "घसरायला एवढं चढायचं कशाला? बाथरूममध्ये घसर की." स्कीइंग ती मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत शिकली होती, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी. आमची समजूत अशी की मनालीला केलेल्या गोष्टी मनालीतच राहतात.

या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. कळसूबाईचं शिखर साधारण ५,४००. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वात उंच टोकाच्या जेमतेम खाली असलेल्या शहरात आमची मुलगी राहते, दळण आणते आणि पार्किंग शोधते. हा हिशेब मी विमानातच केला होता आणि उतरल्यावर जरा खांदे ताठ करून चाललो होतो. दुसऱ्या दिवशी तिने मला तिचा टेम्पो दाखवला. तिचा शब्द कॅम्पर. टेम्पो हा बायकोचा. जुना पिकअप ट्रक, आणि त्याच्या हौद्यात बसवलेली एक खोली. खोलीला चार कोपऱ्यांना चार जॅक. जॅकवर खोली उचलायची, खालून ट्रक मागे घ्यायचा, खोली हौद्यात उतरवायची आणि फिरकीच्या कड्यांनी आवळायची. मुक्कामाला पोचलं की छप्पर हाताने वर ढकलायचं. मधल्या भिंती कापडाच्या. आत दोन शेगड्या, गॅसचा हीटर, एक टेबल जे रात्री पलंग होतं, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर येणारा झोपायचा माळा. बायकोने आत डोकावून गोडा मसाला कुठे ठेवायचा तेवढं ठरवलं, गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि आपण येणार नसल्याचं जाहीर केलं. मी विचारलं, "इंजिनिअर झालीस ती टेम्पोत झोपायला?" लेक म्हणाली, "तू प्राध्यापक झालास आणि देवळांत झोपलास की." रात्रीबेरात्री गावच्या मारुतीच्या देवळात पथारी टाकण्याच्या माझ्या गोष्टी तिला तोंडपाठ आहेत, हे मी विसरलो होतो.

आठ दिवस त्या खोलीत आम्ही दोघं राहिलो. आधी लेडव्हिलच्या बाजूला, उंचीची सवय व्हावी म्हणून. हे जुनं खाणींचं गाव दहा हजार फुटांच्याही थोडं वर आहे. दोन कळसूबाई एकमेकींवर रचल्या तर तिथल्या घरांच्या छपरांवर जेमतेम सहाशेएक फूट डोकं बाहेर निघेल. पहिल्या रात्री मी पुण्याहून नेलेलं बाकरवडीचं पाकीट बाहेर काढलं तर ते फुगून उशीएवढं झालेलं. बाहेरची हवा विरळ, आत अजून पुण्याची हवा दाटून भरलेली. आम्ही ते फोडलं तेव्हा फुस्स आवाज आला आणि मी उगाचच वास घेतला. तिथे पाणी नव्वद अंशालाच उकळायला लागतं. डाळ उघड्या पातेल्यात जन्मात शिजणार नाही. लेकीने टेबलाखालून कुकर काढला, तीन लिटरचा, तिच्या आईने पहिल्या वर्षी सुटकेसमधून पाठवलेला. बाहेर पाइनची झाडं, अर्धवट वितळलेला बर्फ, चिटपाखरू नाही, आणि आमच्या टेम्पोतून शिट्टी. दुसऱ्या शिट्टीला लांबवर एक कुत्रं भुंकलं.

सकाळी कापडाच्या भिंतींवर आमच्याच श्वासाचं पाणी जमलेलं असे आणि ते नेमकं माझ्या कपाळावर टपकत असे. दोरीवर सगळं वाळत टाकलेलं. हातमोजे, बुटांच्या आतले मऊ बूट, आणि स्कीच्या तळाला चिकटवायच्या लांब पट्ट्या. त्यांना स्किन म्हणतात, कारण पूर्वी त्या सीलच्या कातड्याच्या असत. आता नायलॉनच्या किंवा एका जातीच्या बकरीच्या लोकरीच्या. मांजराच्या पाठीसारख्या असतात त्या. एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर अडतो. त्या लावून डोंगर चढायचा, टाच मोकळी ठेवून, पाय न उचलता सरकवत. माथ्यावर पट्ट्या खरवडून काढायच्या, घडी करून जॅकेटच्या आत पोटाशी ठेवायच्या म्हणजे गोंद गोठत नाही, टाच बंद करायची आणि उतरायचं. पाच-सहा तासांची चढण, अर्ध्या तासाची उतरण. लिफ्ट नाही, दोरखंड नाही, गर्दी नाही. हा हिशेब मला पहिल्यांदा वेडेपणाचा वाटला. मग आठवलं, आम्हीही पाच तास चढून वर एक कप चहा पितो.

रात्री आठला दिवे बंद, पण त्याआधी तिचा एक नेम असे. सिग्नल मिळेल तिथे गाडी थांबवून ती राज्याच्या हिमप्रपात-माहिती केंद्राचं पत्रक वाचायची. उतारावरचा बर्फ सुटून कोसळण्याचा धोका ते एक ते पाच अशा आकड्यांत सांगतात. कुठल्या उंचीवर, कुठल्या दिशेच्या उतारावर, कशामुळे, हे सगळं. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सगळ्यात वाईट. त्याहून सपाट असेल तर बर्फ टिकतो, त्याहून उभा असेल तर साठतच नाही. मी म्हटलं, "पाच म्हणजे मरण." ती म्हणाली, "नाही बाबा. पाचला लोक घरी बसतात. माणसं जास्त मरतात ती तीनला." हे मला फार पटलं. आमच्या बोराट्याच्या नाळेची, म्हणजे सह्याद्रीतल्या एका अवघड घळीची, गोष्ट तीनचीच होती.

ती गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली आहे. मी चोवीस वर्षांचा, भर जुलै, चौघं जण. नाळेतून पाणी वाहत होतं, वरून दगड सुटत होते, आणि पायथ्याच्या गावातल्या म्हाताऱ्याने स्पष्ट सांगितलं होतं की आज जाऊ नका. आम्ही गेलो. नारळाएवढा एक दगड आमच्यातल्या एकाच्या कानाजवळून गेला. त्याची टोपी उडाली, डोकं राहिलं. "दगडाने सलाम ठोकला," असं आम्ही पुढची तीस वर्षं सांगत आलो, प्रत्येक लग्नात, प्रत्येक कोजागिरीला. टोपी अजून अण्णांच्या घरी आहे. या गोष्टीत परत फिरण्याचा विचार कोणाच्या मनात आला होता का, हे कोणी कधी विचारलं नाही. माझ्या मनात आला होता. मी बोललो नाही, कारण बाकीचे तिघे बोलत नव्हते. आता वाटतं, त्या तिघांचंही तसंच असेल.

आपण वाढलोच त्या दोरावर. चौथीच्या इतिहासात सूर्याजी कड्यावरचा दोर कापतो आणि वर्ग गप्प होतो. परतीचे दोर कापून टाकले, हे आपण नोकरी सोडणाऱ्याबद्दल कौतुकाने म्हणतो, बँकेचं कर्ज काढून धंदा करणाऱ्याबद्दल म्हणतो, प्रेमविवाहाबद्दलही म्हणतो. गंमत अशी की त्या गोष्टीत सूर्याजी पळणाऱ्या मावळ्यांना मागेच फिरायला सांगत असतो, फक्त दुसऱ्या दिशेला. ते सोडा. मी लेकीला नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा सिंहगडावर नेलं तेव्हा निम्म्या वाटेत ती रडायला लागली. ऊन होतं, बूट चावत होता. मी म्हणालो, "वर गेल्याशिवाय दही नाही." ती वर आली. दही खाताना तिचं नाक वाहत होतं, आणि मी तिचा फोटो काढला. तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. पाहुणे म्हणतात, किती गोड.

उलट तिच्या त्या खोलीत परतीचा दोर हीच सगळ्यात जपायची वस्तू होती. प्रत्येक ट्रिपच्या आदल्या रात्री ती एका कागदावर वेळ लिहून शेगडीच्या वर चिकटवायची. किती वाजता फिरायचं, कुठेही असलो तरी. मी विचारलं, "आणि माथा दहा पावलांवर असला तर?" म्हणाली, "म्हणूनच आदल्या रात्री लिहायचं. तिथे गेल्यावर कोणाचंच डोकं चालत नाही." चौदा हजार फुटांवर हवेत प्राणवायू समुद्रकाठच्या साधारण साठ टक्केच हाताला लागतो, डोकं खरंच चालत नाही. पण मला वाटतं तिला फक्त प्राणवायू म्हणायचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिने माझ्या छातीला एक यंत्र बांधलं. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं, सारखं लुकलुकणारं. बीकन. जगात कुठेही घ्या, ही यंत्रं एकाच कंपनसंख्येवर बोलतात, ४५७ किलोहर्ट्झ, म्हणजे कोणाचंही यंत्र कोणालाही शोधू शकतं. कोणी बर्फाखाली गेलं की वर राहिलेल्याने आपलं यंत्र शोधण्यावर फिरवायचं, बाण आणि आकडे बघत चालायचं, आकडा सर्वात लहान होईल तिथे लांब सळई खुपसायची आणि सळईला काही मऊ लागलं की फावडं. पंधरा मिनिटांच्या आत काढलं तर माणूस वाचण्याची शक्यता चांगली; नंतर ती झपाट्याने घसरते. तिने दुसरं एक बीकन डब्यात घालून मैदानात कुठेतरी पुरलं, माझी पाठ वळवली, आणि घड्याळ लावलं. मला चौदा मिनिटं लागली. त्यातली सहा मी नुसता धापा टाकत फावड्यावर वाकून उभा होतो. "परत," ती म्हणाली. अकरा. "परत." मी चिडून म्हणालो, "अगं, मी स्की करणार नाही, मी बाजूने चालणार, मी कशाला पुरला जातोय?" तिने डब्यावरचा बर्फ झटकला. "तू नाही बाबा. मी. मला शोधायला तूच असशील."

चौथ्या खेपेला नऊ मिनिटांवर आलो. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण उंची असं मी बायकोला फोनवर सांगितलं.

आम्ही निवडलेल्या डोंगराचं नाव क्वांडरी. म्हणजे पेच, कात्री. म्हणतात की जुन्या खाणवाल्यांना तिथला एक दगड ओळखता येईना म्हणून हे नाव पडलं. सव्वाचौदा हजारांच्या थोडा वर. कोलोरॅडोत चौदा हजार फुटांपलीकडची शिखरं मोजण्याचं वेड आहे, आणि ती त्रेपन्न की चोपन्न की अठ्ठावन्न यावर वाद आहेत. दोन टोकांमध्ये किमान तीनशे फुटांचा खळगा नसेल तर वेगळं शिखर धरायचं की नाही, वगैरे. ऐकून मला घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडे कात्रज-सिंहगडच्या टेकड्या किती यावर मैत्री तुटली आहे. लू डॉसन नावाच्या गृहस्थाने ही सगळी शिखरं स्कीवरून उतरायचा नेम १९९१ साली पुरा केला. पुढे ख्रिस डेव्हनपोर्टने तेच वर्षाच्या आत केलं. मी लेकीला विचारलं, "तुझी किती?" ती म्हणाली, "मोजत नाही." मला वाटलं विनय आहे. नंतर कळलं, खरंच मोजत नाही. किल्ल्यांची यादी करून भिंतीवर लावणाऱ्या माणसाच्या पोटी हे कुठून आलं?

पहाटे अडीचला उठलो. रात्र स्वच्छ होती, चांदण्या खिळ्यांसारख्या. ते चांगलं लक्षण, ती म्हणाली. ढगांचं पांघरूण असलं की बर्फ रात्री गोठतच नाही. वसंतातल्या बर्फाचं सगळं शास्त्र तिने मला एका वाक्यात सांगितलं होतं: आईची साबुदाण्याची खिचडी. रात्री घट्ट आळायला हवं, सकाळच्या उन्हाने वरचा बोटभर थर मोकळा व्हायला हवा, दाणा दाणा सुटा. त्या तासा-दीड तासात उतरायचं. लवकर गेलात तर फरशी. उशीर केलात तर गिच्च गोळा, आणि गिच्च गोळा डोंगरावरून ताटासकट खाली येतो. चारला चालायला लागलो. तिच्या पायात स्की, माझ्या पायात बर्फावर न रुतणारे रुंद फताडे, ज्यांत मी बदकासारखा दिसतो असं मला नंतरच्या फोटोंवरून समजलं. झाडीत बर्फ कुरकुरत होता, पापड मोडावा तसा. बॅटरीच्या गोल उजेडात तिच्या स्कीची शेपटं पुढे सरकत होती, एक लय होती, सर्र, सर्र, आणि त्या लयीला माझा श्वास कुठेच जुळत नव्हता. ती दर दहा मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून थांबायची. पट्टा आवळायचा. पाणी प्यायचं. नकाशा बघायचा, जो तिला पाठ होता.

झाडं संपली आणि आम्ही सोंडेवर आलो. सोंडच ती, राजगडाच्या एखाद्या माचीसारखी लांब, पूर्वेकडून माथ्याकडे चढत गेलेली. मागून ऊन आलं आणि आमच्या सावल्या आमच्या पुढे चालायला लागल्या, माझी जास्त वाकलेली. बर्फ आधी निळा, मग गुलाबी, मग नुसता डोळ्यांत खुपणारा. डाव्या अंगाला दोन पांढऱ्या डोंगरी शेळ्या उभ्या होत्या, हिवाळ्याचे केस गळून लक्तरं लोंबणाऱ्या, आणि आमच्याकडे बघायच्या ते जुन्या वाड्यातल्या म्हाताऱ्या नवीन भाडेकरूकडे बघतात तसं. सोंडेवर एक सपाट टप्पा येतो आणि तिथून शेवटचा चढ उभा समोर दिसतो. तिथे पोचेपर्यंत मला वाटत होतं की हा टप्पा म्हणजेच माथा. सह्याद्रीने मला हे हजार वेळा शिकवलं आहे, दिसतं ते शिखर नसतं, आणि मी हजार एकाव्या वेळी फसलो. बसलो. बाकरवडी तोंडात टाकली, ती चावायला श्वास पुरेना, थुंकली.

शेवटच्या चढावर मी पावलं मोजायला लागलो. पंधरा पावलं, उभं राहायचं. मग बारा. मग आठ. कानात ठोके, जिभेला गंजाची चव, आणि डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आलंच की, आलंच की. दोन तरुण पोरं मागून आली, "मॉर्निंग" म्हणाली आणि चालती झाली, जणू तुळशीबागेत आहेत. बरोबर दहा वाजता लेक वळली. स्कीची टोकं उताराला आडवी करून माझ्यासमोर उभी राहिली. मी वर पाहिलं. माथ्याचा कठडा दिसत होता, वर उडणारा बर्फाचा धूर दिसत होता, त्या दोन पोरांच्या टोप्या दिसत होत्या.

"बाबा, इथून फिरू. बर्फ सैल व्हायला लागलाय."

मी काठी खुपसली. मला तो घट्ट वाटला. पण मला बर्फातलं काय कळतं, मी भवानी पेठेत जन्मलो. मी म्हणालो, "अगं, साडेतीनशे फूट." ती म्हणाली, "हो." मी म्हणालो, "पंचेचाळीस मिनिटं. जास्तीत जास्त." तिने घड्याळाकडे पाहिलं नाही, वादही घातला नाही. "इथे फोटो काढू. उजेड चांगला आहे," एवढंच म्हणाली. फोटो काढला. त्यात मी हसतो आहे. मग तिने पट्ट्या काढून पोटाशी ठेवल्या आणि खाली निघाली. मला दिसेल इतकंच अंतर ठेवून, वळणं घेत, थांबत. सुट्या साबुदाण्यावरून ती जात होती, तिच्यामागे बर्फाची बारीक रांगोळी उडत होती आणि तो आवाज येत होता, रेशमी कापड फाडल्यासारखा. इतकं सुंदर काही माझ्या मुलीच्या अंगात आहे हे मी यापूर्वी पाहिलं नव्हतं. आणि मी रागावलेला होतो. दोन्ही एकाच वेळी, एकाच छातीत, बीकनच्या पट्ट्याखाली. अर्ध्या तासाने ती दोन पोरं ओरडत, किंचाळत, आनंदाने आमच्या बाजूने खाली निघून गेली. माथ्यावरून. सुखरूप.

टेम्पोत पोचल्यावर तिने कुकर लावला, भात मोकळा करून त्यावर शीतपेटीतलं दही ओतलं, मीठ, किसलेलं आलं. मी मुकाट्याने खाल्ला. दुपारी ती वर माळ्यावर झोपली आणि मी काडेपेटी शोधत होतो. टेबलावर तिची छोटी वही उघडी होती, न भिजणाऱ्या कागदाची, प्रत्येक ट्रिपची नोंद ठेवायची. दुसऱ्याची वही वाचू नये हे मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगितलं आहे. इंग्रजीत होतं, पेन्सिलने. रात्री चांगलं गोठलं. दहा वाजता बर्फ उत्तम, अजून तासभर टिकला असता. बाबांचा वेग तासाला पाचशे फूट. उतरायला धरलेले तीन तास. ठरलेली वेळ १०, वेळेवर फिरलो. आणि शेवटची ओळ तेवढी मराठी, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली: बाबा रुसलेत.

म्हणजे बर्फ सैल नव्हता. सैल मी होतो. तिला तासभर बर्फाची खिडकी होती आणि त्या खिडकीतून तिने मला उतरवायचं ठरवलं होतं, वर न्यायचं नाही. आणि हे बोलून दाखवण्याऐवजी तिने बिचाऱ्या बर्फावर आळ घेतला. मी वही होती तशी ठेवली. काडेपेटी माझ्याच खिशात होती. संध्याकाळी तिने विचारलं, "रागावलास?" मी म्हणालो, "छे! बर्फाच्या पुढे कोणाचं चालतं?" ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. डेन्व्हरला परतल्यावर बायकोने मला एकदा, तिला एकदा असं पाहिलं, काही विचारलं नाही आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

तर परवाचा रविवार. रात्री सर येऊन गेली होती, आतकरवाडीच्या वाटेला मातीचा वास होता आणि पहिल्या चढावर मी तीनदा थांबलो. वरती दही आलं. अण्णा म्हणाले, "फोटो तरी दाखव माथ्यावरचा, नुसतं सांगतोस." मी फोन दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी नेला, दोन बोटांनी माझा चेहरा मोठा केला, मग मला बाजूला सारून माझ्या खांद्यामागचं आभाळ मोठं केलं. बराच वेळ गेला. बाकीचे तिघे मेट्रोवर बोलत होते.

"हा मागे चढ दिसतोय, तो कुठे जातो?"

"माथ्यावर."

"आणि तू?"

"साडेतीनशे फूट खाली. मी हळू पडलो. वेळ संपली."

"लेकीने फिरवलं?"

"हो."

अण्णांनी फोन परत दिला, चष्मा खाली ओढला आणि मडक्याच्या तळाचं दही चमच्याने खरवडलं. त्यांच्या घरी ती टोपी आहे, हे मला उगाच आठवलं.

"मग त्या दिवशीच्या भज्यांचे पैसे तुझ्याकडे लागतात," ते म्हणाले.

ऐंशी रुपये. मी काढून दिले. त्यांनी मोजून घेतले.